गिरणगावातील बाळगोळी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची योजना मांडली, त्याच्या कितीतरी आधीपासून माळव्याची अफू सरकारी परवान्यानिशी या बंदरात उतरून चीनकडे रवाना होत होती, आणि तिच्यावरील शुल्काने कंपनी सरकारचा खजिना भरत होता. त्या व्यापारातील द्रव्याचा काही अंश पुढे गिरण्यांच्या भांडवलात मुरला, ही हकिकत इतिहासकारांनी पुष्कळदा सांगितली आहे. त्याच अफूचा अगदी क्षुल्लक भासणारा कण परळ-लालबागच्या चाळींतून तान्ह्या मुलांच्या पोटात जात होता, याची दाद मात्र सरकारदफ्तरी फार उशिरा लागली.

घरोघरीच्या बाळगुटीशी या बाळगोळीची गल्लत होऊ नये. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, बाळहिरडा यांचे ठरावीक वेढे सहाणेवर उगाळून जी गुटी देतात, तीत अफू नसते. बाळगोळीत मात्र खरा गुण अफूचाच. पहाटेच्या अंधारात गिरणीत जायला निघालेली आई ती गोळी दुधाच्या थेंबात विरघळवून बोटाने मुलाच्या तोंडात घाली, त्याला फडक्याच्या झोळीत टाकी, शेजारच्या म्हातारीला ‘जरा लक्ष असू द्या’ म्हणे आणि निघून जाई. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले होते, ही त्या काळची मोठी सुधारणा. आणि अकरा तास तान्हे मूल भुकेने रडणार नाही, अशी दुसरी कोणतीही तजवीज त्या खोलीत नव्हती. अफूही चोरून आणावी लागत नसे. १८७८ च्या कायद्यान्वये परवाना मिळालेल्या दुकानात ती राजरोस विकली जाई, आणि तिचे उत्पन्न अबकारी खात्यात जमा होई.

स्त्री-कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या बाईंची नेमणूक केली. १९२२ च्या सुमारास त्यांनी नमूद केले, की गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते. १९२१ साली तर मुंबईतील बालमृत्यूचे प्रमाण, नोंदणीच्या हिशेबाने, हजारी सहाशेंच्याही वर होते. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणाला कोकणात वा देशावर जात, त्यामुळे जन्म गावच्या दफ्तरात आणि मृत्यू मुंबईच्या, अशी वाटणी होऊन हा आकडा फुगत असे, हे खरे. परंतु फुगवटा वजा केला तरी उरतो तो आकडा काही कमी भीषण नाही.

या प्रथेस अज्ञान म्हणून मोकळे होणाऱ्यांनी विलायतेकडेही पाहावे. नॉटिंगहॅमच्या लेस विणणाऱ्या स्त्रिया त्यापूर्वी ऐंशी वर्षे ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित सरबत आपल्या मुलांना याच कारणासाठी पाजीत होत्या.

अफूचा हा अंमल कसा चालतो, याचा उलगडा अलीकडच्या काळातला. मेंदूतील डोपामीन सोडणाऱ्या पेशींवर काही निरोधक पेशींचा लगाम असतो. मॉर्फिन त्या निरोधक पेशींनाच गप्प करते, आणि लगाम सुटून डोपामीन वाढते. गर्भवतीच अफू खात असेल, तर तिच्या रक्तातील मॉर्फिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, आणि जन्मल्यावर तो पुरवठा एकाएकी तुटला की मूल कापते, तारस्वरात रडते, नीट दूध ओढत नाही. रोजच्या गोळीला सरावलेल्या मुलाचीही गोळी चुकल्यास अशीच तडफड होते. तेव्हा त्या रडण्यावर पुन्हा गोळी दिली की ते शांत होई, आणि गोळी गुणकारी असल्याचा दाखला आईला रोज नव्याने मिळे. एखादे दिवशी मात्रा किंचित अधिक पडली, की श्वास मंदावत थांबे.

डोपामीनच्या संदेशवहनावर गर्भावस्थेतील मादक द्रव्यांचा परिणाम होतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांत चांगले दिसले आहे. कोकेन दिलेल्या सशिणींच्या पिलांत डोपामीनच्या एका प्रकारच्या ग्राहक-रेणूंचा संदेश पेशीच्या आत नीट पोहोचत नाही. माणसाच्या मुलांबाबत इतके स्वच्छ बोलता येत नाही. १९८० नंतर अमेरिकेत कोकेन घेणाऱ्या मातांच्या मुलांविषयी एक पिढीच वाया गेल्याचा गहजब झाला. पुढे फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी त्याच गरीब वस्तीतील, पण कोकेनचा संपर्क नसलेल्या मुलांशी त्यांची वर्षानुवर्षे तुलना केली, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत विशेष तफावत आढळली नाही, आणि गुण मात्र दोघांचेही कमी होते. यावरून द्रव्य निरुपद्रवी ठरत नाही. पण गोळीचा हिशेब खोलीच्या, भुकेच्या आणि पाळीच्या हिशेबापासून तोडून मांडणे किती अवघड असते, ते दिसते. मुंबईत तो नेहमी तोडूनच मांडला गेला, आणि सारा दोष आईच्या नावे पडला. गिरणीमालक व अबकारी खाते नामानिराळे राहिले.

१९२९ च्या मुंबई मातृत्व-साहाय्य कायद्याने बाळंतिणीला काही आठवड्यांचा भत्ता मिळू लागला, आणि १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे मुलांसाठी खोली राखण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. परंतु भत्ता, पाळणाघर आणि स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी हे सगळे मालकांच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला पडले. वायंडिंग-रीलिंगच्या खात्यांत काटछाट झाली, आणि १९२० च्या दशकात गिरणीकामगारांत सुमारे पाचवा हिस्सा असलेल्या स्त्रिया पुढच्या दशकांत क्रमाक्रमाने त्या खात्यांतून बाहेर पडत गेल्या.