उतार आणि तर

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या बेचक्यात उभा आहे. अकोल्यात राहून वऱ्हाडच्या अठराव्या शतकाचा अभ्यास करणाऱ्याला या गावाला वळसा घालून जाता येत नाही. ऑगस्ट १७२० मध्ये याच परिसरात निजामुल्मुल्काने सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअली खान याचा पराभव केला. दक्षिणेतल्या निजामाच्या सत्तेचा पाया तिथे पडला. आलमअलीच्या बाजूने मराठी फौजही लढत होती.

या लढाईची टिपणे काढताना माझे लक्ष लढाईपेक्षा तिच्या आधीच्या दिवसांवर खिळले. पावसाळा होता, पूर्णा भरून वाहत होती. दोन्ही फौजा दोन काठांवर अडकल्या होत्या आणि पार जायला नावा नव्हत्या. अखेर निजामाच्या बाजूचा वऱ्हाडचा सुभेदार ऐवजखान याने स्थानिक जमीनदारांच्या मदतीने वऱ्हाडच्या अंगाला उतार शोधून काढला आणि निजामाची फौज पार झाली.

‘उतार’ हा शब्द आम्हा पूर्णाकाठच्यांना समजावून सांगावा लागत नाही. माझे आजोबा पावसाळ्यात बैल अलीकडेच सोडत आणि म्हणत, “पूर उतरू दे, मंग जाऊ.” उताराला मालक नसतो. तो मोसमाच्या हाती असतो, आणि ज्याला तो ठाऊक, त्याचा असतो. इतिहास वाचतानाही माझी नजर तीच राहिली. पण बाळापुरी मराठी फौज आली कशी, या प्रश्नाचे दुसरे टोक समुद्राकाठी आहे. ते पायाखालून घालावे म्हणून मी माघ महिन्यात केळशीहून हरिहरेश्वरपर्यंत एक दिवस चाललो.

केळशीला भारजा नदी समुद्राला मिळते. सकाळी लहानशा होडीतून पलीकडे साखरीच्या बाजूला जायचे होते. होडीवाल्याला मी अस्सल वऱ्हाडी प्रश्न विचारला : ओहोटीला इथून चालत जाता येते का? तो हसला. “काका, इथं पाणी उतरतं, पण वाट देत नाही.” दिवसभराच्या पायपिटीत मला मिळालेली ही पहिली टीप होती. आमची नदी चार महिने अडवते आणि आठ महिने सोडते. खाडी दिवसातून दोनदा चढते-उतरते, पण बारमाही अडवते. म्हणून तिथे उतार नाही, तर आहे. आणि तर म्हटली की तिला मालक आला, नावाडी आला, उतारूंवर नजर ठेवणारा आला.

साखरीपासून वाट चढउतारांची. डावीकडे समुद्र, उजवीकडे आंब्या-काजूंच्या बागा. उन्हे तापता तापता वेळास आले. आज हे गाव कासवांच्या पिल्लांसाठी ओळखले जाते. मी आलो होतो भानूंच्या वेळासला. नाना फडणीस याच घराण्यातले. खाडीपलीकडच्या श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती आणि मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीचा. आंग्र्यांशी संधान असल्याचा संशय आला, तेव्हा सिद्दीने बाळाजी विश्वनाथांच्या भावाला पोत्यात घालून समुद्रात बुडवले आणि बाळाजी खाडी ओलांडून वेळासला भानूंकडे आले, असे परंपरा सांगते. पुढे भानू बंधूही त्यांच्याबरोबर घाटावर गेले.

हे मी अनेकदा वाचले होते. वाचताना खाडी म्हणजे वाक्यातला एक स्वल्पविराम वाटायची. बाणकोटच्या हिंमतगडावर चढल्यावर ती डोळ्यांत भरली. खाली सावित्रीचे रुंद पात्र, समोर हरिहरेश्वरची टेकडी. ज्याच्या मागे सिद्दीची माणसे आहेत, त्याला इथे मोसमाची वाट पाहून भागत नाही. अलीकडच्या काठावर होडी देणारा आणि पलीकडच्या काठावर दार उघडणारा, असे दोघे विश्वासाचे लागतात.

बाणकोटचे मोल पुढे इंग्रजांनीही ओळखले. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने हा किल्ला घेतला, १७५६ च्या पुण्याच्या तहाने तो कंपनीकडे गेला आणि त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया झाले. पुढे दक्षिण काठावर इंग्रजी अंमल आणि उत्तर काठावर जंजिरा संस्थान अशी विभागणी झाली, ती थेट स्वातंत्र्यापर्यंत टिकली. इथे तरीत बसणे म्हणजे राज्य बदलणे होते. आजही जिल्हा बदलतोच : अलीकडे रत्नागिरी, पलीकडे रायगड.

दुपारी वेसवीच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढलो. मोटारी, दुचाक्या, मासळीच्या टोपल्या आणि मी. काही मिनिटांत बागमांडला आले. त्या काही मिनिटांत मला बाळाजी विश्वनाथांचे राजकारण वेगळे दिसू लागले. १७१३ मध्ये पेशवेपद मिळाल्यावर त्यांनी कान्होजी आंग्र्यांना लढाईने नव्हे, बोलणी करून शाहू महाराजांकडे वळवले. मग सय्यद हुसेनअलीशी करार केला, दिल्लीला गेले आणि मार्च १७१९ मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या सहांत एक सुभा वऱ्हाड. वाट ज्याच्या हाती आहे त्याची संमती मिळवायची आणि मगच पाऊल टाकायचे, ही रीत तरीवरची आहे. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण त्या धक्क्यावर उभे राहिल्याशिवाय ते सुचले नसते.

या रीतीची किंमतही होती. दिल्लीच्या दंगलीत वेळासचे बाळाजी महादेव भानू मारले गेले. एप्रिल १७२० मध्ये सासवडला पेशव्यांनी देह ठेवला. आणि चारच महिन्यांनी सय्यदांशी झालेल्या त्या कराराला जागून मराठी फौज आलमअलीसाठी पूर्णेच्या खोऱ्यात चिखल तुडवत होती. कराराचे मध्यस्थ शंकराजी मल्हार बाळापूरला कामी आले. ज्याच्याशी बोलणी करता येतील असा कोणी तरवाला पूर्णेवर नव्हताच. तिथे चालला तो उतार, आणि तो निजामाला आधी सापडला.

संध्याकाळी हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा पायांना फोड आले होते. सागरी महामार्गासाठी आता एकेका खाडीवर पूल होत आहेत. ते हवेतच. आमच्या पूर्णेवरही पूल आले आणि त्याबरोबर उतार विसरले गेले. जुन्या लोकांना अजून ते ठाऊक आहेत. परतल्यावर बाळापूर परिसरातल्या उतारांची नावे त्यांना विचारून टिपायला सुरुवात केली आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा नकाशा त्या नावांशिवाय पुरा होणार नाही.