२३ ऑगस्ट १८५३ : सागरी नोंदींचा सामाईक तक्ता
या दिवशी ब्रुसेल्समध्ये १० देशांच्या प्रतिनिधींची सागरी परिषद सुरू झाली. अमेरिकी नौदलाचे मॅथ्यू मॉरी यांच्या आग्रहावरून जहाजांवर वारा, प्रवाह, हवेचा दाब, पाण्याचे तापमान कसे नोंदवायचे, याचा एकच तक्ता परिषदेने ठरवला. हेतू शुद्ध ज्ञानाचा नव्हता, प्रवास लवकर आणि सुखरूप व्हावा हा होता. शिवाय नोंदी व्यापारी मार्गांवरच दाट पडल्या, असा आक्षेप घेता येतो. तो खराही आहे. पण ठरलेल्या पद्धतीने घेतलेल्या नोंदींतला दोष शोधून दुरुस्त करता येतो. दहा पद्धतींची खिचडी झाली, तर तेही अवघडच. समुद्र किती तापला हे ठरवताना शास्त्रज्ञ आजही १९व्या शतकातल्या जहाजांच्या नोंदींपर्यंत मागे जातात, ते बऱ्याच अंशी याच भरवशावर.