फ्रीड्रिखश्ट्रासे स्थानक

जर्मनीच्या बर्लिन शहरातील मिट्टे या मध्यवर्ती भागातील रेल्वेस्थानक. स्प्रे नदीच्या दक्षिण काठाला लागून असलेल्या या स्थानकाला त्याखालून जाणाऱ्या रस्त्याचे नाव मिळाले आहे. शहराच्या पूर्व-पश्चिम अंगांना जोडणारा श्टाटबान हा विटांच्या कमानींवर उभारलेला उन्नत लोहमार्ग १८८२ मध्ये सुरू झाला, तेव्हाच योहानेस फोल्मर यांच्या आराखड्यानुसार बांधलेले हे स्थानकही खुले झाले. वाढत्या वर्दळीमुळे हाती घेतलेली पुनर्बांधणी पहिल्या महायुद्धामुळे रखडून १९२५ मध्ये पूर्ण झाली. दरम्यान १९२३ मध्ये रस्त्याखाली ऊ-बानचे (भुयारी शहर रेल्वेचे), तर १९३६ मध्ये, बर्लिन ऑलिंपिकच्या तोंडावर, उत्तर-दक्षिण एस-बानचे (उपनगरी रेल्वेचे) भुयारी फलाट झाले. १९४५ मध्ये युद्धाच्या अखेरीस लांडवेअर कालव्याखाली झालेल्या स्फोटाने एस-बानच्या बोगद्यात पाणी शिरले आणि या स्थानकातील जोडमार्गातून ते ऊ-बानच्या जाळ्यातही पसरले.

स्थानकाचे खरे ऐतिहासिक महत्त्व मात्र १३ ऑगस्ट १९६१ नंतरचे. बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर हे स्थानक संपूर्णपणे पूर्व बर्लिनमध्ये असूनही त्याचा मोठा भाग पश्चिमेकडील प्रवाशांसाठी राखला गेला. पूर्व बर्लिनखालून जाणाऱ्या पश्चिमेकडील गाड्या मधल्या बंद, सशस्त्र पहाऱ्यातील ‘भूत-स्थानकां’वर न थांबता येथे मात्र थांबत, आणि प्रवासी पूर्व जर्मनीची तपासणी न होता एका फलाटावरून दुसऱ्यावर जाऊन गाडी बदलत. वरच्या मजल्यावर पश्चिमेकडून येणाऱ्या एस-बानचा ‘ब’ आणि पूर्वेकडून येणाऱ्या एस-बानचा ‘क’ हे फलाट शेजारी-शेजारी होते; पण मध्ये पोलादी भिंत असल्याने एकावरील प्रवाशाला दुसऱ्यावरचा माणूस दिसत नसे. फलाटांवरील इंटरशॉप या सरकारी दुकानांत करमुक्त सिगारेटी व मद्य पश्चिमी चलनात मिळे, आणि तेवढ्याच खरेदीसाठी येणारे पश्चिम बर्लिनकरही असत. भांडवलशाहीला विटाळ मानणाऱ्या राजवटीला तिच्या चलनाचे वावडे नव्हते.

पूर्वेतून बाहेर पडणाऱ्यांच्या तपासणीसाठी १९६२ मध्ये काच व पोलाद यांचा स्वतंत्र कक्ष बांधण्यात आला. भेटीला आलेल्या आप्तांना पूर्वेतील लोक त्याच्या दारापर्यंतच पोहोचवू शकत, म्हणून लोकांनी त्याला ‘ट्रेनेनपालास्ट’ म्हणजे अश्रूंचा महाल असे नाव दिले. १९६४ पासून पूर्व जर्मनीतील निवृत्तिवेतनधारकांना पश्चिमेतील नातलगांकडे जाण्याची मुभा मिळाली. काम करण्याचे वय उलटलेली माणसे परतली नाहीत, तरी राज्याचे फारसे बिघडणार नव्हते.

१ जुलै १९९० रोजी तपासणी संपली आणि लगेच श्टाटबानवरील एस-बानची थेट वाहतूक पुन्हा सुरू झाली. अश्रूंच्या महालात २०११ पासून फाळणीविषयीचे कायमस्वरूपी प्रदर्शन आहे. नाझी काळात ज्यू मुलांना परदेशी सुखरूप नेणाऱ्या तसेच मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांचे स्मारकशिल्प २००८ मध्ये स्थानकाबाहेर बसविण्यात आले. ते फ्रांक मायस्लर यांनी घडविले आहे.

२००६ मध्ये नवे मुख्य स्थानक सुरू झाल्यावर येथील लांब पल्ल्याच्या गाड्यांचा नियमित थांबा बंद झाला. प्रादेशिक गाड्या, एस-बान आणि ऊ-बान येथे थांबतात. स्थानकात दुकाने व उपाहारगृहे असून जर्मनीतील इतर दुकाने रविवारी बंद असताना त्यांपैकी बरीच उघडी असतात.