साष्टी बेट : शेती, वन आणि अन्न

साष्टी : ठाणे शहर आणि मुंबईची उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत ते बेट. सहासष्ट गावांचे म्हणून ‘षट्षष्टी’, त्याचे साष्टी झाले. पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस उल्हास नदी व वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र. ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवर उभ्या असलेल्या माणसाला आपण बेटावर आहोत हे जाणवत नाही. ठाण्याहून कल्याण-डोंबिवलीकडे जाणारी लोकल कळव्याच्या अलीकडे खाडीवरचा पूल ओलांडते, तेव्हा बेट संपते. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे पुढच्याच वर्षी याच खाडीवर पूल टाकून कल्याणला गेली. त्याआधी बेटाला पलीकडच्या धान्याचा आधार होता तो होड्यांपुरता. आपले पोट मुख्यतः आपल्याच जमिनीवर, डोंगरावर आणि खाडीवर भरायचे होते.

खारी जमीन. भाताची जमीन दोन जातींची, गोडी आणि खारी. खाडीकाठचा चिखलाचा पट्टा बांध घालून भरतीपासून राखला की ती खारी जमीन, म्हणजेच खारभूमी. बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. ओहोटीला आतले पाणी तिच्यातून बाहेर पडते आणि भरतीला तिची झडप पाण्याच्याच दाबाने मिटते. मृगाचा पाऊस लागला की ते पाणी खाचरात कोंडून मीठ विरघळू द्यायचे आणि ओहोटी साधून सोडून द्यायचे. मातीचा खारटपणा उतरला की मोड आणलेले बी चिखलात फेकायचे, याला रहू म्हणतात. या जमिनीत टिकणारे भात म्हणजे तांबूस दाण्याचा राता, त्यात काळा राता आणि भुरा राता असे प्रकार. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ हे क्षार सोसणारे वाण दिले.

या शेतीचा प्राण बी नव्हे, बांध. उधाणाच्या भरतीला एका जागी खांड पडली की फक्त त्या शेतकऱ्याचे नव्हे, सगळ्या गावाचे शेत खारे होते आणि मीठ पुन्हा धुऊन निघायला कित्येक पावसाळे लागतात. म्हणून बांधाची डागडुजी हे गावाचे काम असे. शेजारच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात शिलोत्री नावाची धारापद्धतच त्यासाठी होती. गोव्यात खाजन शेती, तिची ‘मानस’ ही उघाडी आणि कोरगुट भात, केरळात पोक्काळी भात आणि भातानंतर त्याच खाचरात कोळंबी, ही सगळी याच कुळातली. जमीन समुद्राकडून मिळवली कोणी आणि पीक कोणाचे, हा वाद मात्र कधी सुटला नाही. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ ते १९३९ असा नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध चाललेला शेतकऱ्यांचा संप खारेपाटात, म्हणजे अशाच खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात झाला.

१९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने बांधांची व्यवस्था सरकारी चौकटीत आली. बांध मोठे झाले, पक्के झाले. पण खांड पडल्याच्या रात्री पेंढा आणि माती घेऊन धावणारे गाव त्याबरोबर सैल पडले, ही या बदलाची खरी किंमत होय.

डोंगर. गोड्या जमिनीचे भात जंगलावर उभे होते. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर टहाळ, पाचोळा आणि शेण पसरून जाळायचे, हा राब. त्याशिवाय रोप जोमाने उठत नाही, असा ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्याचा पिढ्यानुपिढ्यांचा अनुभव. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली, टहाळ तोडणे गुन्हा ठरू लागले आणि असंतोष एवढा वाढला की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील या प्रश्नावर त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. वन आणि अन्न वेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची चूक तेव्हापासूनची आहे.

आज बेटाच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ठाण्याच्या बाजूचे येऊर त्याचाच भाग, आणि तिथल्या पाड्यांत वारली व इतर आदिवासी राहतात. पावसाच्या पहिल्या सरींनंतर ठाणे स्टेशन आणि नौपाड्याच्या आसपास रानभाज्यांचे वाटे दिसतात. शेवळं, त्यांची खाज मारायला लागणारी काकडं, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी. यांतल्या कशालाही नांगर, खत वा पंप लागत नाही. भाताचे कोठार रिकामे होत आलेले असते नेमक्या त्या आठवड्यांत त्या उगवतात. अन्नसुरक्षेचा इतका जुना आणि स्वस्त आधार दुसरा नाही.

खाडी. चेंदणी कोळीवाडा आणि खाडीकाठची आगरी गावे यांचे अन्न म्हणजे तांदळाची भाकरी आणि बोय, जिताडा, निवट्या, चिंबोरी, कोळंबी. या माशांची पिल्ले वाढतात ती तिवर, कांदळ, चिप्पी या खारफुटीच्या मुळांत. ठाणे खाडीत १६.९०५ चौरस किलोमीटरचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टरला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे राज्याचे कांदळवन वृक्ष ठरले. मात्र कारखान्यांचे आणि शहराचे सांडपाणी खाडीत येत राहील, तोवर कोळ्याच्या जाळ्याला या दर्जाचा उपयोग थोडाच.

सद्यस्थिती. बेटावरची बहुतेक खाचरे इमारतींखाली गेली. नौपाड्याच्या मंडईतली भाजी नाशिक-पुण्याच्या मळ्यांतून, बरीचशी वाशीच्या घाऊक बाजारातून येते. बाहेरून येणाऱ्या अन्नावर जगणाऱ्या मालदीवसारख्या बेटांची जी चिंता जगभर मांडली जाते, तीच इथे पुलांमुळे झाकली जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, रस्ते आणि रूळ बुडाले, तेव्हा बेट पुन्हा बेट झाले होते.

रायगडच्या खारेपाटात सध्या वेगळाच पेच आहे. बांध फुटून पडीक राहिलेल्या शेतांत तिवर उगवते, उगवलेले तिवर कायद्याने संरक्षित होते आणि शेतकरी आपल्याच सातबाऱ्यावरच्या जमिनीत परतू शकत नाही. वास्तविक बांधाबाहेरचे तिवर लाटेचा जोर मोडून बांध वाचवते आणि बांधाआड भात पिकते. दोघांची जागा ठरलेली आहे. खारभूमी विभाग आणि वन खात्याचा कांदळवन कक्ष यांनी शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना सोबत घेऊन, फुटलेले बांध एकेक करून पाहावेत आणि तिवराची जागा कुठे संपते, भाताची कुठे सुरू होते, याच्या खुणा गावोगाव रोवाव्यात.