तठे काय शे?

नोकरीसाठी पुण्याला गेले तेव्हा शेजारी बसणाऱ्या मुलीने विचारले होते, "शिरपूरला पाहण्यासारखं काय आहे गं?" मी पटकन म्हणाले, "काही नाही. यात्रा असते, बस." वीस वर्षे झाली, ते उत्तर अजून खटकते.

यात्रा आपली खरीच मोठी. माघ पौर्णिमेला खंडेराव महाराजांची यात्रा भरली की वर्गात अर्धे बाक रिकामे असत, आणि हजर असलेल्यांचे लक्षही पाळण्यांकडेच. होळीच्या आधी बोराडी, पळासनेरकडे भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल, पावरी, चांदीचे दागिने घातलेल्या बाया. आता तो पाहायला बाहेरगावची माणसे कॅमेरे घेऊन येतात. आपण मात्र कधी मुद्दाम गेलो नाही.

आणि थाळनेर? शिरपूरहून अर्ध्या-पाऊण तासावर. वडिलांना म्हटले होते, किल्ला पाहायला जाऊ, तर ते म्हणाले, "तठे काय शे?"

तिथे काय आहे ते मी चाळिशीत वाचले. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. हो, तेच करवंद, जिथल्या धरणावर आपण डबे घेऊन जायचो! पुढे या घराण्याने दोनशे वर्षे राज्य केले. त्यांच्या 'खान' या किताबावरूनच खानदेश हे नाव पडले, असे एक प्रचलित मत आहे. मलिक राजाच्या मुलाने अशीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवले आणि थाळनेरचे दिवस फिरले. राजघराण्याच्या घुमटदार कबरी मात्र इथेच राहिल्या. त्यातल्या एकीवरचे कोरीव काम पाहून मी बराच वेळ तिथून हललेच नाही. सुरत-बुऱ्हाणपूर व्यापारी वाटही इथूनच जायची. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने या वाटेवरच्या मुक्कामांत थाळनेर नोंदवले आहे.

पण मला सगळ्यात जास्त लागते ती २७ फेब्रुवारी १८१८ ची गोष्ट. महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी तहात खानदेश इंग्रजांना दिला होता. तरी थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम याने सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेवर तोफा डागल्या. शरणागतीची बोलणी चालू असताना आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर दरवाज्यातच हल्ला झाला आणि मेजर गॉर्डन मारला गेला. मग शिबंदीची कत्तल झाली. किल्लेदार शरण आला होता, तरी त्याला फाशी दिले. या फाशीवरून लंडनच्या पार्लमेंटमध्ये हिस्लॉपवर टीका झाली. लंडनमध्ये चर्चा झाली आणि शिरपूरच्या मुलांना पत्ता नाही! (आपल्या पुस्तकात हा धडा असेल तर मी त्या दिवशी यात्रेत असणार.)

गेल्या दिवाळीत मुलीला घेऊन गेले. तापीच्या काठावरचा तट ढासळलाय, बुरुजांत झाडे उगवलीत. तिथे भेटलेल्या एका आजोबांनी कोण, कुठली विचारले. मी म्हटले, शिरपूरची. ते म्हणाले, "मंग पहिल्यांदा येऱ्हायनी का?" मला उत्तर देता आले नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सातला शाळेच्या फाटकापासून गाडी निघेल. आपले सर आणि बाई पुढच्या सीटवर बसतील. ऊन लागते, टोपी आणा. वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी माझ्याकडे लागली.