बक्षिसाचे नाणे : अमेरिकेतील क्रेडिट कार्ड रिवॉर्ड व प्रीपेड कार्डांचा ऐतिहासिक मागोवा (१८९६ ते २०२१)

प्रस्तावना

क्रेडिट कार्डावरील रिवॉर्ड पॉइंट हा विषय आपल्याकडे सामान्यतः विपणनाच्या प्रकरणात येतो आणि तेथेच संपतो. इतिहासाच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र हे पॉइंट म्हणजे खाजगी संस्थेने पाडलेले एक चलन होय. ते किती पाडावे, कशाच्या बदल्यात वटवावे आणि त्याचा भाव केव्हा उतरवावा, हे सर्व अधिकार पाडणाऱ्याने स्वतःकडे राखलेले असतात. हे बक्षीस ग्राहकाला रोख पैशात बदलून घेता यावे काय, या एकाच प्रश्नापाशी त्याच्या मूल्याचा वाद पुन्हा पुन्हा येऊन ठेपला, असे प्रस्तुत लेखात अमेरिकेतील उदाहरणांच्या आधारे मांडले आहे.

तिकिटांची मालकी

या परंपरेचा आरंभ कार्डाच्या कितीतरी आधीचा आहे. १८९६ मध्ये स्थापन झालेली स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी दुकानदारांना हिरवी तिकिटे विकत असे. दुकानदार ती खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकास देई आणि गिऱ्हाईक ती वहीत चिकटवून वस्तूंच्या मोबदल्यात वटवी. एका वहीत १२०० तिकिटे मावत. लवकरच निरनिराळ्या कंपन्यांची तिकिटे परस्परांत बदलून देणारे मध्यस्थ उभे राहिले. बाजारात जेथे दोन चलने असतात तेथे सराफ येतोच, त्यातलाच हा प्रकार. कंपनीस तो रुचला नाही. वहीतील तिकिटांवर आपलीच मालकी आहे, गिऱ्हाइकाला केवळ ती वटविण्याचा हक्क आहे, अशी तिची भूमिका होती. १९५७ ते १९६५ या काळात अशा देवघेवीविरुद्ध तिने ४३ मनाई हुकुमांसाठी न्यायालयात धाव घेतली. फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीचे हे वर्तन अनुचित ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ च्या निकालात न्यायालयाने कमिशनचे अधिकार व्यापक असल्याचे मान्य केले, परंतु त्याचा आदेश मात्र कायम केला नाही. तोवर तिकिटांचा जमाना ओसरू लागला होता. मालकीचा प्रश्न मात्र पुढील पिढीच्या चलनाकडे वारसाहक्काने आला.

मैलांचा भाव

मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नित्याच्या प्रवाशांसाठी मैल मोजण्याची योजना सुरू केली. १९८६ मध्ये सीअर्सच्या डिस्कव्हर कार्डाने खर्चाचा काही अंश रोख परत देण्याची प्रथा देशभर नेली. १९८७ मध्ये सिटीबँकेच्या कार्डावर अमेरिकन एअरलाइन्सचे मैल मिळू लागले. आता मैल मिळविण्यासाठी विमानात बसण्याचीही गरज उरली नाही. बँक विमान कंपनीकडून मैल विकत घेई आणि त्याची किंमत दुकानदाराकडून मिळणाऱ्या शुल्कातून भागवी. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने एका सवलत योजनेचा लाभ घेण्यासाठी पुडिंगचे १२,१५० डबे विकत घेतले आणि १२ लाखांहून अधिक मैल पदरात पाडले. या घटनेकडे गंमत म्हणून पाहिले गेले. तथापि मैलाचा भाव कंपनीपेक्षा ग्राहकाने अचूक काढला होता, हे त्यातील खरे मर्म होय.

भाव उतरविणे कंपन्यांना अवघड नव्हते. २०१५ मध्ये डेल्टाने किती मैलांत कोणते तिकीट मिळेल याचा तक्ताच काढून टाकला. याच सुमारास मैल अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर देण्याची पद्धत रूढ झाली. हुंडी वटविताना हुंडणावळ किती कापली जाईल हे निदान आधी ठाऊक असे. येथे तीही सोय राहिली नाही.

प्रीपेड कार्डाची वाट

ग्राहकांनी यावर शोधलेला उपाय असा, की बक्षीस तुटपुंजे असले तरी खर्चच कृत्रिमरीत्या फुगवावा. २००८ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने एक डॉलरची नाणी दर्शनी किमतीत, टपालखर्च न आकारता घरपोच देणे सुरू केले. अनेकांनी ती क्रेडिट कार्डावर मागविली, खोकी तशीच बँकेत भरली आणि त्याच पैशातून कार्डाचे बिल चुकते केले. जुलै २०११ मध्ये टांकसाळीने कार्डावरील विक्री बंद केली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डर्बिन दुरुस्तीनुसार मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डावरील शुल्कास २१ सेंट अधिक व्यवहाराच्या ०.०५ टक्के अशी मर्यादा आली आणि डेबिट कार्डावरील बक्षिसे बहुतांशी लयास गेली. बक्षीस हे दुकानदाराच्या शुल्काचे अपत्य आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल. पुन्हा पैसे भरता येणारी प्रीपेड कार्डे या मर्यादेतून वगळलेली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस व वॉलमार्ट यांनी ब्लूबर्ड हे प्रीपेड खाते बाजारात आणले. बँकेच्या खर्चिक खात्याला स्वस्त पर्याय म्हणून ते पुढे करण्यात आले होते. हिशेबी मंडळींनी त्यात वेगळीच वाट पाहिली. औषधांच्या दुकानात ५०० डॉलरची भरणा-पावती ३.९५ डॉलर शुल्क देऊन क्रेडिट कार्डावर घ्यावयाची. कार्ड ५ टक्के परतावा देत असल्यास २५ डॉलर मिळत, म्हणजे सुमारे २१ डॉलर निव्वळ लाभ. ती रक्कम ब्लूबर्डमध्ये भरून तेथून क्रेडिट कार्डाचे बिल फेडले, की चक्र पुन्हा सुरू. २०१४ मध्ये सीव्हीएस या दुकानसाखळीने अशा पावत्यांसाठी क्रेडिट कार्ड घेणे थांबविले आणि जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने अशी अनेक खाती गोठविली.

कर न्यायालयाचा निवाडा

एका दांपत्याने २०१३ व २०१४ या दोन वर्षांत ६० लाख डॉलरहून अधिक रकमेची गिफ्ट कार्डे, मनीऑर्डरी व प्रीपेड भरणा कार्डावर खरेदी करून ३,१३,४७५ डॉलरचा परतावा मिळविला. करखात्याने हे उत्पन्न मानले. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर न्यायालयाने फरक केला. गिफ्ट कार्ड ही वस्तू असल्याने त्यावरील परतावा म्हणजे किमतीतील सूट, सबब करमुक्त. मनीऑर्डर व थेट भरणा हा मात्र रोख पैसाच, सबब त्यावरील परतावा करपात्र. १९७२ मध्ये ज्या प्रश्नाला बगल मिळाली होती, त्याचे निदान अर्धे उत्तर येथे आले.

या सर्व लाभाचा भार कोणी सोसला? दुकानदार कार्डाचे शुल्क मालाच्या किमतीत मिसळतो आणि ती किंमत रोखीने घेणाऱ्यालाही द्यावी लागते. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अभ्यासकांनी २०१० मध्ये केलेल्या अंदाजानुसार रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डधारकांकडे वळते करीत होते, तर कार्ड वापरणाऱ्या कुटुंबास सरासरी १,१३३ डॉलर मिळत होते. आणि ज्यांच्यापाशी बँकेचे खातेच नव्हते, ते ३.९५ डॉलरचे शुल्क खिशातून भरून तीच पावती रोखीने विकत घेत होते. त्यांना परतावा नव्हता.