लेडोचा रस्ता आणि घसरणारा क्लच : जुन्या बुलडोझरचा बिघाड कसा शोधत?

१/ २७ डिसेंबर १९४३. ब्रह्मदेशातील शिंगब्वियांग येथे आघाडीचा बुलडोझर पोहोचला, ठरलेल्या मुदतीच्या तीन दिवस आधी. आसामातील लेडोपासून हे अंतर १०३ मैल. वाटेत ३,७२७ फूट उंचीची पांगसाऊ खिंड. आजचा थ्रेड या रस्त्याचा आणि तो खोदणाऱ्या यंत्राच्या पोटातील गिअर-क्लचचा.

२/ १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि चीनला रसद पुरवणारा बर्मा रोड तुटला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकी लष्कराने लेडोहून नव्या रस्त्याचे काम हाती घेतले. सुमारे १५,००० अमेरिकी सैनिक, त्यांतील जवळपास ६० टक्के कृष्णवर्णीय. शिवाय सुमारे ३५,००० स्थानिक मजूर.

३/ या कामात सुमारे १,१०० अमेरिकी मृत्यू पावले. स्थानिक मजुरांचे बळी त्याहून अधिक. कुनमिंगपर्यंतचा संपूर्ण मार्ग १,०७९ मैलांचा. म्हणून सैनिक त्याला ‘मैलाला एक माणूस’ घेणारा रस्ता म्हणत.

४/ डोंगराच्या कडेला खोदलेल्या अरुंद वाटेवर आघाडीचा डोझर बंद पडला, की मागचे सारे काम थांबे. सुटे भाग समुद्रमार्गे कलकत्त्यास येत. तेथून लेडोपर्यंतच्या रेल्वेप्रवासात गेज बदलावे लागे आणि ब्रह्मपुत्रा ओलांडावी लागे. अशा ठिकाणी नेमका बिघाड न ओळखता यंत्र खोलणे फार महाग पडे.

५/ म्हणून आधी शक्तीचा मार्ग समजून घेऊ. डी-७, डी-८ यांसारख्या त्या काळच्या डोझरमध्ये तो असा : इंजिन, मुख्य क्लच, गिअरबॉक्स, बेव्हल गिअर. तेथे मार्गाला दोन फाटे फुटतात. प्रत्येक बाजूला स्वतंत्र स्टिअरिंग क्लच, फायनल ड्राइव्ह, दात्यांचे चाक आणि शेवटी साखळी.

६/ बिघाड शोधण्याची सारी युक्ती या फाट्यात आहे. दोन्ही साखळ्यांचा जोर एकाच वेळी गेला, तर दोष बहुधा फाट्याच्या अलीकडे. एकाच साखळीचा गेला, तर पलीकडे, त्याच बाजूला. एकही बोल्ट न काढता अर्धे यंत्र संशयातून मुक्त होते.

७/ पहिला प्रश्न : मातीत पाते रुतल्यावर काय होते? इंजिनाचे फेरे मंदावून ते दबू लागले, तर आधी इंजिनाकडे पाहावे. साखळ्या जागीच फिरत असतील, तर जमीन निसरडी आहे. यंत्र ठीक आहे. मात्र इंजिन जोरात गर्जत असूनही साखळ्या थांबल्या, तर मधला कुठला तरी क्लच घसरतो आहे.

८/ प्रत्येक गिअरमध्ये, पुढे आणि मागेही हेच घडत असेल, तर संशयित मुख्य क्लच. तो हाताच्या लिव्हरने लावीत. नीट जुळलेला लिव्हर शेवटी खटकन जागेवर बसे. तो मऊपणे सरकू लागला, की तबकड्या झिजल्या हे चालकाच्या तळहाताला आधी कळे.

९/ अशा वेळी क्लचचे समायोजन करून ताण वाढवीत. परंतु हा क्लच कोरडा असे. गळक्या सीलमधून तेल तबकड्यांवर आले, तर ताण कितीही वाढवा, घसरण थांबत नाही. तेथे आधी गळती बंद करणे आणि तबकड्या स्वच्छ करणे किंवा बदलणे, हाच उपाय.

१०/ गिअर टाकताना दाते करकरतात? त्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नव्हता. यंत्र थांबवूनच गिअर बदलावा लागे. थांबवूनही करकर आली, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. एकच गिअर निसटतो? मग त्याच गिअरचे दाते, त्याचा शिफ्टर फोर्क किंवा अडकण तपासावी.

११/ ओझे असताना यंत्र आपोआप एकीकडे वळते? मग ज्या बाजूला वळते, त्या बाजूचा स्टिअरिंग क्लच घसरतो किंवा तिकडचा ब्रेक अडकतो. एका बाजूने घरघर येते? फायनल ड्राइव्हचे तेल काढून पाहावे. तेलातील चकचकीत पोलादी कण सांगतात, की आतले दाते किंवा बेअरिंग झिजत आहे.

१२/ युद्धानंतर चित्र पालटले. १९०५ मध्ये जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने जहाजांसाठी पेटंट घेतलेल्या द्रवचालित रचनेतून टॉर्क कन्व्हर्टर आला. १९५० च्या दशकात तो मोठ्या डोझरमध्ये रुळला. पाठोपाठ पॉवर शिफ्ट आले : तेलाच्या दाबाने आवळले जाणारे अनेक क्लच आणि चालत्या यंत्रात बदलणारे गिअर.

१३/ आता खटका हाताला जाणवेना. दोष तेलाच्या दाबात दडला. तळहाताची जागा प्रेशर गेजने घेतली. तरी विचार तोच राहिला. सगळेच गिअर घसरतात? मग जे सर्वांना समाईक, ते पाहा : तेलाची पातळी, गाळणी, पंप, टॉर्क कन्व्हर्टर. फक्त मागचेच गिअर घसरतात? मग मागे जाण्याचा क्लच.

१४/ थंड असताना नीट चालणारे यंत्र तापल्यावर जोर गमावत असेल, तर त्याचेही कारण आहे. गरम तेल पातळ होते, झिजलेल्या सीलमधून निसटते आणि दाब उतरतो. म्हणून दाब मोजायचा तो तेल कामाच्या तापमानाला आल्यावर. थंड यंत्रावरची तपासणी फसवू शकते.

१५/ लेडो रस्त्याच्या इतिहासात सेनापतींची नावे सापडतात. घसरता क्लच ओळखणाऱ्या बहुतेक चालक-मेकॅनिकांची सापडत नाहीत. पण त्यांच्या अचूक निदानावाचून आघाडीचा डोझर शिंगब्वियांगला पोहोचला नसता. ते ज्ञान पुस्तकांइतकेच हातांत आणि कानांत साठलेले होते.

१६/ आपल्याकडेही जुन्या धरणांवर आणि घाटरस्त्यांवर डोझर चालवलेली माणसे आज उतारवयात आहेत. ओळखीत कोणी असेल, तर जवळ बसा आणि एवढेच विचारा : ‘काका, क्लच घसरतोय हे तुम्हाला कसं कळायचं?’ आणि उत्तर लिहून ठेवा. तोही इतिहासच आहे.